नांगर अडकला, इंजिन तापलं: होडीवाल्यांचे प्रश्न

नारळी पौर्णिमा झाली, दर्याला नारळ वाहिला, होड्या पाण्यात उतरल्या आणि आमच्याकडे पत्रं यायला लागली. या खेपेची बहुतेक पत्रं 18 ते 28 फुटी फायबर होडी आणि मागे लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन असणाऱ्यांची आहेत. नावं गाळून फक्त गाव छापलं आहे.

प्रश्न (हर्णै): 9.9 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे. सुरू केल्यावर मागून पाण्याची धार नीट पडते. बंदराबाहेर वीसेक मिनिटं चाललं की धार बारीक होते आणि इंजिन दम टाकतं. गार झालं की पुन्हा सुरू होतं. मिस्त्री म्हणतो पिस्टन गेला, इंजिन उघडावं लागेल. उघडू का?

उत्तर: इतक्यात नको. गार झाल्यावर पहिल्यासारखं चालू होणाऱ्या इंजिनाचं आधी पाणी तपासायचं, पिस्टन नंतर. मात्र असंच आणखी चार-सहा वेळा तापवलंत तर मिस्त्रीचं म्हणणं खरं होईल.

सोप्यापासून सुरुवात करा. धार पडते त्या भोकात जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा मासेमारीचा धागा, घालून आतबाहेर करा. मिठाचा खडा किंवा वाळूचा कण तिथे बसला असेल तर धार बारीक दिसते, आत मात्र पाणी व्यवस्थित फिरत असतं. मग पंख्याच्या वरच्या अंगाला पाणी आत घेणारी जाळी असते ती पाहा. प्लास्टिकची पिशवी, शेवाळ, चिकटलेली कवचं हे सगळं काढा. तरीही फरक पडला नाही तर पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, काढायचं. तुमच्या वर्णनावरून आमचा पहिला संशय त्याच्यावर आहे आणि दुसरा थर्मोस्टॅटवर, म्हणजे पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेवर.

इंजिन आडवं किंवा स्टँडवर घ्या. प्लगच्या वायरी काढून ठेवा, म्हणजे हात आत असताना इंजिन फिरलं तरी पेटणार नाही. गिअरचा दांडा सोडवा आणि खालच्या पायाचे बोल्ट काढून पाय सरळ खाली ओढा. उभ्या शाफ्टवर पंपाचं घर दिसेल. ते उघडल्यावर चक्राच्या पाकळ्या बघा. पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच कडक झाल्या असतील, टोकं झिजली असतील किंवा मुळाशी चीर दिसत असेल तर चक्र बदला. एखादी पाकळी तुटलेली असेल तर तिचा तुकडा शोधल्याशिवाय पाय परत चढवू नका, कारण तो वरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी जाऊन बसतो आणि नवं चक्र घालूनही इंजिन तापतंच. पंपाच्या आतल्या वाटीवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर वाटी आणि खालची पत्रीही बदला. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी गढूळ, वाळूमिश्रित पाणी असतं. नव्या चक्राला जुनी वाटी ठेवली तर चार महिन्यांत पुन्हा तेच.

बसवताना अर्धचंद्राकृती चावी जागेवर आहे ना ते पाहा. पाकळ्यांना साबणाचं पाणी लावा, ग्रीस लावू नका. शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत फिरवत घर खाली दाबा, म्हणजे पाकळ्या बरोबर दिशेला वाकतात. हे काम वर्षातून एकदा, मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत करावं. तेव्हा मिस्त्रीही रिकामा असतो.

थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाका. तोंड उघडलं नाही तर तो गेला. काही जण तो फेकून देऊन तसंच इंजिन चालवतात. मग इंजिन नीट तापतच नाही, प्लग काळे होतात आणि पेट्रोल जास्त जातं.

राहिलं तेल. 50 ला 1 म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली, 24 लिटरच्या टाकीला 480 मिली. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा. मोटरसायकलचं टू-टी तेल स्वस्त पडतं, पण ते हवेने गार होणाऱ्या इंजिनासाठी असतं. डब्यावर टीसी-डब्ल्यू 3 लिहिलेलं तेलच घ्या.

प्रश्न (पुणे): देवगडला चुलतभाऊ मासेमारी करतो. दोघांत मिळून 24 फुटी जुनी फायबर होडी इंजिनासकट घ्यायचा विचार आहे. मला यातलं काही कळत नाही. काय बघून घ्यावी?

उत्तर: होडी कोरडी, किनाऱ्यावर ओढलेली असताना बघा, आणि रंग ताजा असेल तर जास्त वेळ बघा.

लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि मुठीने तळ ठोकत चला. चांगल्या फायबरचा आवाज टणक येतो. जिथे बद्द आवाज येईल तिथे थर सुटलेत किंवा आतल्या लाकडात पाणी गेलंय, तिथे खडूने खूण करा. सगळ्यात जास्त वेळ मागच्या फळीवर द्या, म्हणजे इंजिन लटकतं त्या ट्रान्समवर. बहुतेक होड्यांत तिथे दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि प्लाय आतून कुजतं, बाहेरून मात्र फळी नवीसारखी दिसते. इंजिन लावलेलं असताना त्याचा पाय धरून वर-खाली जोर लावा. फळी लवली किंवा कडेला केसासारखी चीर उघडताना दिसली तर किंमत निम्म्याने पाडा, नाहीतर परत या. ट्रान्सम बदलणं हे किरकोळ काम नाही.

आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्या तळापासून सुटल्यात का ते हाताने चाचपा. तळाला एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा केलेली डागडुजी दिसली तर होडी तिथेच ओढली जाते आणि तिथला फायबर पातळ झालाय असं समजा.

इंजिनाच्या गिअर ऑईलचा खालचा स्क्रू थोडा सैल करा. तेल दुधाळ आलं तर सील गेलंय आणि पाणी आत आहे. हा दोष बऱ्याचदा तंगूसमुळे होतो. पाण्यातली तंगूस पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळली जाते आणि सील कापते. म्हणून पंखा काढून त्यामागे बघा. तिथे तंगुशीचा गुंडा सापडला तर पहिल्या मालकाने काय काळजी घेतली ते कळलंच. शेवटी इंजिन गार असताना स्वतः दोरी ओढून सुरू करा. तुम्ही येण्याआधीच तापवून ठेवलेलं इंजिन कुणाच्याही हाताने सुरू होतं.

कागद: मत्स्यव्यवसाय विभागाकडची नोंदणी आणि मासेमारी परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही बघा. नोंदणी आता रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीत होते. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला नंबर, कागदावरचा नंबर आणि इंजिनाचा नंबर जुळला पाहिजे. होडीवर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज नाही असा दाखला पैसे देण्याआधी मागा. विमा असेल तर तो नव्या मालकाच्या नावावर आपोआप येत नाही.

एक न विचारलेली गोष्ट. पुण्यात बसून होडीत पैसे घालणाऱ्याने हिशेबाची पद्धत पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यावी. पेट्रोल, बर्फ, आमिष वजा जाता उरलेल्यात होडीचा वाटा किती, जाळ्याचा किती, माणसांचा किती? जाळं फाटलं तर खर्च कुणाचा? हे गावागणिक बदलतं. तुमच्या भावाला तिथला रिवाज माहीत असणार, पण तो तुम्हालाही माहीत हवा.

प्रश्न (रेवदंडा): आजोबा तिथीवरून भरतीची वेळ सांगायचे. तिथीची पाऊणपट करा, म्हणायचे. मोबाइलवरच्या कोष्टकाशी ती कधी जुळते, कधी तास-तासभर चुकते. आजोबांचं चुकीचं का?

उत्तर: आजोबांचं बरोबर आहे, फक्त तो ठोकताळा आहे. पंचमीला 5 × ¾ = पावणेचार, अष्टमीला 6, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा, प्रत्यक्षात साधारण 12, आणि पुढच्या प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोन भरत्या, मध्ये साधारण साडेबारा तास.

चूक तीन ठिकाणी शिरते. पाऊणपट म्हणजे भरती रोज 45 मिनिटं पुढे जाते असं धरणं. प्रत्यक्षात सरासरी पन्नासेक मिनिटं जाते. त्यातही उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, ती कमी सरकते आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, तासापेक्षाही जास्त. दुसरं, तिथी चोवीस तासांची नसते, कधी वीस तासांच्या आत-बाहेर तर कधी सव्वीस तास. त्यामुळे क्षय किंवा वृद्धीच्या तिथीला हिशेब घसरतो. तिसरं म्हणजे जागा. हा ठोकताळा मुंबईच्या आसपासचा आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईच्या आधी लागते, आणि लांब खाडीच्या आत गेलात तर तीच भरती उशिरा पोहोचते.

होडीवाल्याला खरी गरज वेळेपेक्षा पाण्याच्या उंचीची असते. त्यासाठी बारा भागांचा हिशेब चांगला. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंतचे सहा तास धरा. पाणी पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या भागाइतकं चढतं, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा त्या दिवशी ओहोटी आणि भरतीत 3 मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी फक्त 25 सेंटिमीटर चढेल, तिसऱ्या तासात 75. वाळूत टेकलेली होडी बराच वेळ हलत नाही आणि मग बघता बघता तरंगून जाते, ती यामुळे. कोष्टकात दिलेली उंची ही ठरलेल्या नीचतम पातळीपासूनची असते, ती तुमच्या खाडीच्या तळापासूनची नव्हे.

प्रश्न (आंजर्ले): बाहेर समुद्र शांत असतो, वारा नसतो, तरी परत येताना खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहतात. मागच्या हंगामात दोन होड्या तिथेच उलटल्या. असं का होतं आणि आत कसं यावं?

उत्तर: जोग नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे आणि ओहोटीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं. बाहेरून येणारी लाट या धावत्या पाण्यावर आपटते, तिची लांबी कमी होते, उंची वाढते आणि दांड्यावर पाणी उथळ असल्याने ती फुटते. बाहेर जेमतेम अर्धा मीटरची लांब लाट असते, तीच इथे भिंतीसारखी उभी राहते. वाऱ्याचा यात संबंध नसतो. दूरच्या वादळाची लाट वारा नसतानाही येते.

म्हणून पहिला नियम: उतरत्या पाण्यात, विशेषतः उधाणाच्या ओहोटीच्या मधल्या दोन तासांत, तोंडातून आत येऊ नये. भरती लागून दोन तास होईपर्यंत बाहेर नांगरून थांबावं. मासळी बर्फात असेल तर काही बिघडत नाही.

यायचंच असेल तर तोंडाबाहेर इंजिन मंद ठेवून दहा मिनिटं नुसतं बघा. लाटा सारख्या नसतात. तीन-चार मोठ्या येतात, मग थोडा वेळ लहान. नाळेवरचं जाळं आणि मासळीचे खोके मधोमध किंवा थोडे मागे सरकवा, पुढे वजन ठेवू नका. सगळ्यांनी जॅकेट घालावं, इंजिनाची बंद करायची दोरी हाताला बांधावी, नांगर मोकळा तयार ठेवावा. मोठी लाट गेली की तिच्या पाठीवर बसा आणि तिच्याच वेगाने आत जा. तिला ओलांडू नका आणि मागेही पडू नका. घाबरून इंजिन एकदम कमी केलं की मागची लाट गाठते, मागची बाजू उचलते, नाळ पाण्यात रुतते आणि होडी आडवी फिरते. उलटतात त्या होड्या अशाच.

पावसाळ्यात दांडा जागा बदलतो. जेठ महिन्यात होती ती वाट श्रावणात असेलच असं नाही. हंगामाच्या पहिल्या फेरीआधी ओहोटीला लहान होडीतून बांबूने तळ चाचपून घ्या आणि किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून वाट लक्षात ठेवा. जीपीएसमधली गेल्या वर्षीची रेघ पुसून टाका.

प्रश्न (मालवण): खडकाळ जागी गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जातो. महिन्यात एखादा नांगर दोरीसकट सोडून द्यावा लागतो. काय करावं?

उत्तर: नांगराला साखळी कुठे बांधता? बहुतेक जण वरच्या कडीत बांधतात. ती सोडा. साखळी नांगराच्या पायथ्याशी, जिथे चारही दाते एकत्र येतात तिथे शॅकलने अडकवा. मग ती दांड्याच्या कडेने वर आणा आणि वरच्या कडीला सुतळीचे दोन वेढे देऊन बांधा. दोरी आडवी ओढली जाते तोपर्यंत सुतळी धरून ठेवते आणि नांगर नेहमीसारखा काम करतो. अडकला की होडी बरोबर त्याच्या वर आणा, दोरी उभी ताठ करा आणि झटके द्या. सुतळी तुटते, ओढ पायथ्याला लागते आणि नांगर शेपटाकडून उलटा सुटून वर येतो.

सुतळी दर फेरीला नवी बांधा, खाऱ्या पाण्यात ती कुजते. नायलॉनची दोरी तिथे वापरू नका. ती तुटणार नाही आणि मग सगळी युक्तीच फुकट. आणि ही बांधणी फक्त होडीत जागं माणूस असतानाच. रात्री झोपायचं असेल किंवा होडी सोडून जायचं असेल तर साखळी वरच्या कडीलाच पक्की हवी.

दोरी किती सोडता तेही बघा. सहा वाव पाण्यात, म्हणजे साधारण 11 मीटरमध्ये, दिवसा शांत हवेत गरवायला 35 ते 45 मीटर दोरी पुरते. रात्रीसाठी पाचपट ते सातपट. दोरीपुढे 2 ते 3 मीटर साखळी असली की ओढ आडवी राहते.

अडकलेल्या नांगराची दोरी मागच्या फळीला बांधून इंजिनाने ओढणं मात्र कायमचं बंद करा. मागची बाजू खाली दबते, एक लाट आत येते आणि होडी काही सेकंदांत भरते. दोरी नाळेलाच ठेवून, सैल सोडून, हळू अर्धवर्तुळ घ्या आणि उलट्या दिशेने ओढा.

जाता जाता: सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे ज्याला तुम्ही खडक म्हणता त्यातलं बरंचसं जिवंत प्रवाळ आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तिथे नांगर टाकूच नका.

थोडक्यात

*होडी वल्ह्याची आहे, फक्त लांब जायला 5 हॉर्सपॉवरचं इंजिन लावतो. बंदी मला लागू आहे का? (श्रीवर्धन)* हो. 1 जून ते 31 जुलै या काळात सूट आहे ती बिगर-यंत्रचलित होडीला. इंजिन लावलं की होडी यंत्रचलित झाली, मग ते कितीही लहान असो.

*केरोसीनवर चालणारं इंजिन सकाळी सुरूच होत नाही. (जैतापूर)* बंद करताना केरोसीनवरच बंद करत असाल. किनारा दिसायला लागला की पेट्रोलवर घ्या आणि शेवटची काही मिनिटं पेट्रोलवर चालवूनच बंद करा. कार्ब्युरेटरमध्ये केरोसीन राहिलं तर गार इंजिन त्यावर पेटत नाही. सुरू करतानाही पेट्रोल, तापल्यावर केरोसीन.

*पापलेटचं पिल्लू किती लांबीपर्यंत परत सोडायचं? (अर्नाळा)* किमान लांबी 135 मिलिमीटर ठरवली आहे, बोंबलाला 180. खोक्याच्या कडेवर रंगाने खुणा करून ठेवा, टेप शोधत बसावं लागत नाही. पण जाळ्यातून निघालेलं पिल्लू क्वचितच जगतं, त्यामुळे खरा उपाय मोठ्या आसाचं, म्हणजे मोठ्या भोकांचं, जाळं.

*बांगड्याचं नवं जाळं लावलं, मासा आपटून जातो, अडकत नाही. (रत्नागिरी)* दोरावर चढवताना जाळं फार ताणलंय. 52 मिलिमीटरचे 2000 आस म्हणजे ताणून 104 मीटर. ते साधारण 52 ते 57 मीटर दोरावर बसायला हवं. 70 मीटरवर चढवलं तर आस आडवे रुंद, ताठ होतात आणि मासा मागे उसळतो. 40 मीटरवर चढवलं तर नको ते सगळं गुंतेल आणि सोडवण्यात रात्र जाईल.

*इन्कॉइसने दाखवलेल्या जागी गेलो, मासा नव्हता. (वसई)* ती माहिती ही सरकारी सागरी माहिती संस्था उपग्रहाने मोजलेल्या पाण्याच्या तापमानावरून आणि हरितद्रव्यावरून काढते. मासा असण्याची शक्यता ती सांगते, थवा दाखवत नाही. पाणी सरकतं, त्यामुळे कालची जागा आज धरू नका. ढग असतील तर उपग्रहाला दिसत नाही.

*बंदरात तीन नंबरचा बावटा लागलाय, पण ऊन पडलंय. जावं का? (मुरूड)* नाही. तीन नंबर हा स्थानिक इशारा आहे, म्हणजे वादळी वारा तुमच्याच बंदराला लागू शकतो. ताशी 45 ते 55 किलोमीटरच्या वाऱ्यात 20 फुटी होडीने परत येण्याचा हिशेब जमत नाही. अडचणीत सापडलात तर तटरक्षक दलाचा नंबर 1554, आणि व्हीएचएफ वायरलेस असेल तर चॅनेल 16. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून काही मैलांत संपते.

प्रश्न (वेंगुर्ला): तळाला वीतभर लांब चीर आहे. बाजारातून रेझिन आणून स्वतः बुजवली, महिन्यात पुन्हा उघडली.

उत्तर: चिरेवर वरून थर चढवलात, चीर कापून काढली नाहीत. शिवाय फायबर आतून ओला असणार.

होडी उलटी करा, गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत तीन-चार दिवस सुकू द्या. ग्राइंडरने चीर पूर्ण खोदून काढा आणि दोन्ही बाजूंना उतार द्या. उताराची रुंदी जाडीच्या बारापट हवी. तळ 6 मिलिमीटर जाड असेल तर चिरेच्या प्रत्येक बाजूला 7 सेंटिमीटर. नवा थर चिकटतो तो या उतारावर. हे बघून वाटतं की लहानशा चिरेसाठी केवढा खड्डा केला, पण पर्याय नाही. मग ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर हात लावू नका, हाताचा तेलकटपणा पुरे होतो.

चौरस मीटरला 450 ग्रॅमची फायबरची मॅट घ्या. तिचा एक थर साधारण 1 मिलिमीटर होतो, म्हणजे सहा थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. कापलेल्या मॅटचं वजन करा. 100 ग्रॅम मॅटला 200 ते 250 ग्रॅम रेझिन लागतं. कॅटॅलिस्ट (रेझिन कडक करणारं द्रव) 1 ते 2 टक्के, म्हणजे 200 ग्रॅम रेझिनला 2 ते 4 मिली. आपल्या उन्हात 1 टक्क्याकडेच राहा, नाहीतर ब्रश भांड्यातच अडकेल. एका वेळी तीनच थर, ते गार झाले की पुढचे तीन. सहाही एकदम चढवले तर आतून तापून तडकतात. रोलर फिरवून पांढरे बुडबुडे काढा. मॅट पारदर्शक दिसली पाहिजे.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. काही दुकानांत रेझिन, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट अशा तीन बाटल्या देतात. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, एका मापात लागोपाठ ओतूही नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट घालून नीट ढवळा, मग वेगळ्या मापाने कॅटॅलिस्ट. दुकानदाराला विचारून घ्या, बऱ्याच रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावूनच काम करा.

आणि चीर मुळात का पडली ते शोधा. एका ठिकाणाहून चांदणीसारख्या पसरलेल्या बारीक रेघा असतील तर दणका बसलाय, बहुधा वरचाच थर गेलाय. लांब सरळ चीर आतल्या पट्टीच्या कडेने जात असेल तर पट्टी सुटलीय आणि तळ तिथे प्रत्येक लाटेला लवतोय. मग बाहेरून कितीही भरा, आतली पट्टी पुन्हा बसवल्याशिवाय थांबणार नाही.

प्रश्न (गुहागर): मी मासळी विकते. नवऱ्याने पहाटे आणलेले बांगडे दुपारी पोटाशी फुटतात. मागच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाला खाल्ल्यावर अंगावर लाल चट्टे उठले. बांगडा ताजाच होता. आमचं काय चुकलं?

उत्तर: बर्फ कमी पडला, आणि उशिरा पडला.

बांगडा पोट भरलेला असताना सापडला की त्याचा पाचकरस मेल्यावरही काम करत राहतो आणि पोटाची भिंत आतून विरघळवतो. थंडी लागली तर हे मंदावतं. 10 किलो बांगडा 30 अंशांवरून शून्यावर आणायलाच साधारण सव्वातीन किलो बर्फ वितळतो. त्यानंतर खोक्यातून आत येणारी उष्णता तो वितळवतच राहते. म्हणून आपल्या हवेत दिवसभरासाठी मासळीइतकाच बर्फ, म्हणजे 10 किलोला 10 किलो. लादी फोडून बारीक चुरा करा, मोठा तुकडा मासळीला जेमतेम दोन ठिकाणी टेकतो. खोक्याच्या तळाला बर्फ, मग मासळीचा एक थर, मग बर्फ, वर पुन्हा बर्फ. तळाला भोक ठेवा, रक्ताळलेल्या पाण्यात मासळी बुडता कामा नये.

जाळ्यातून सोडवल्यावर पहिला तास महत्त्वाचा. होडीतच पिंपात दोन भाग बर्फ आणि एक भाग बाहेरच्या स्वच्छ समुद्राचं पाणी घेऊन बांगडा त्यात टाका. बर्फाच्या ढिगापेक्षा हे पाणी लवकर गार करतं, कारण ते माशाला सगळीकडून लागतं. बंदरातलं पाणी यासाठी घेऊ नका.

लाल चट्ट्यांचं कारण बहुधा हिस्टामिन. बांगडा, कुपा, तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा काही तास उबेत राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी, तोंडात तिखट चव ही त्याची लक्षणं, आणि ती खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत दिसतात. मासा दिसायला ताजा असू शकतो, वासही येत नाही. आणि तळल्याने, उकळल्याने किंवा नंतर बर्फात ठेवल्याने तयार झालेलं हिस्टामिन जात नाही. गिऱ्हाइकाला श्वास लागला असेल तर डॉक्टरकडे पाठवा. बांगड्याची ॲलर्जी आहे असं म्हणतील, पण गिऱ्हाइकाने याआधी शंभर वेळा बांगडा खाल्ला असेल तर गडबड माशापेक्षा त्या दिवशीच्या खोक्यात होती.

पाटीवर विकायला बसताना सगळे बांगडे मांडून ठेवू नका. दहा-बारा वर, बाकी खोक्यात, आणि खोक्यावर ओलं गोणपाट. वरचे दर अर्ध्या तासाला बदला.